कपाट क्रमांक दोनमधला वॉटर कूलर

सर्जेराव बादली घेऊन सर्व्हर रूमच्या दारात उभे होते आणि पायल त्यांना आत सोडत नव्हती. हे मला फोनवर कळलं तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. पायल म्हणजे आमच्या चौथ्या मजल्याची सिक्युरिटी. ओळखपत्र घरी राहिलं तर ती कंपनीच्या मालकालाही जिन्यात बसवून ठेवेल. आणि सर्जेराव म्हणजे इमारतीतल्या सगळ्या वॉटर कूलरांचे कंत्राटदार. हिंजवडीत आज जिथे आमची कंपनी उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांची ज्वारी उभी असायची. जमीन गेली, त्या जागी इमारत आली आणि इमारतीबरोबर कूलरांचं कंत्राट त्यांच्याकडे आलं. एरवी ते स्वतः येत नाहीत, माणूस पाठवतात. त्या दिवशी माणूस गावच्या जत्रेला गेला होता म्हणून गळ्यात जाड साखळी, डोळ्यांवर गॉगल, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात रबरी पाइप अशा थाटात ते आले होते.

"ताई, हितं लिवलंय बघा," मी डबा सोडून दाराशी पोचताच हातातली चिठ्ठी माझ्यापुढे धरत ते म्हणाले. "कूलर. चौथा मजला, सर्व्हर रूम, कपाट दोन. टाकी रिकामी करून धुवायची. मी म्हनलं असंल कपाटात ठिवलेला. तुमा लोकांचं काय सांगावं."

कपाट दोनमध्ये कूलर नव्हता. तिथे एका अमेरिकन विमा कंपनीचे दावे निकाली काढणारा सर्व्हर होता. वादळात ज्याच्या घरावर झाड पडलं आहे असा कोणी माणूस तिकडे अमेरिकेत पैशांची वाट पाहत बसणार, आणि इकडे सर्जेराव त्याच्या दाव्यावर क्षार काढायची पावडर टाकून पाइप सोडणार. पायल नसती तर हे झालंच असतं. मी सर्जेरावांना चहा पाजला, बादली खाली ठेवायला लावली आणि चिठ्ठी ताब्यात घेतली. चिठ्ठी खोटी नव्हती. ती आमच्याच यादीतून आपोआप छापली गेली होती, आणि ती यादी माझी होती.

माझं पद कॉन्फिगरेशन मॅनेजर. म्हणजे काय, हे नारायण पेठेतल्या माझ्या शेजाऱ्यांना मी आजवर समजावू शकलेले नाही, तरी पुन्हा एकदा प्रयत्न करते. कंपनीत जेवढी म्हणून यंत्रं असतात त्यांची संगणकात एक मोठी यादी असते. तिला सीएमडीबी म्हणतात. मी यादीच म्हणते. प्रत्येक यंत्राची त्यात नोंद असते: ते काय आहे, कुठे आहे, ते बंद पडलं तर कोणाकोणाचं काम अडेल. मग ही नोंद पाहून बाकीचे सगळे वागतात. स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखंच आहे ते. लेबल रव्याचं आणि आत मीठ असेल, तर बिघडलेल्या शिऱ्याचा दोष शिरा करणाऱ्याचा नसतो. तो लेबल लावणाऱ्याचा असतो, म्हणजे माझा.

या पदावर मी काही सरळ वाटेनं आले नव्हते. नवरा गेला तेव्हा मी या कंपनीत रिसेप्शनला लागले. मग कॅन्टीनची कुपनं सांभाळली, मग तळघरातल्या एका खोलीत बसून कॅबचं वेळापत्रक. स्वारगेटहून कोणाला उचलायचं, औंधला कोणाला सोडायचं, रात्रपाळीच्या मुलींबरोबर गार्ड आहे की नाही. त्या कामात माझी चूक कोणाला सापडली नाही म्हणून तेव्हाच्या मॅनेजरनं मला वर आणून यादीवर बसवलं. मी त्यासाठी दोन परीक्षा दिल्या, ज्यांची नावंसुद्धा मला पहिल्यांदा नीट उच्चारता आली नव्हती. त्या मॅनेजरनंतर साईनाथ आला. त्याला माझं इथे असणं मनातून कधी पटलं नाही. "शैलाताई नॉन-टेक्निकल आहेत," असं तो चार लोकांत माझ्यासमोरच सांगायचा, जणू माझा रक्तगट सांगतोय.

बादलीची बातमी साईनाथपर्यंत माझ्या आधी पोचली होती. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. साईनाथनं पाणी दिलं की समजावं, पुढे काहीतरी वाईट आहे. येत्या गुरुवारी ऑडिटर येणार होता. तो मनाला येईल ते यंत्र निवडणार, त्याच्या लेबलावर स्वतःचा स्कॅनर धरणार आणि यादी काय म्हणते ते पाहणार. सर्व्हरच्या जागी कूलर निघाला तर अमेरिकेतला ग्राहक हातचा जाईल, हे त्यानं मला तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं.

"आणि मग ताई, आपल्याला तुमचा रोल रीथिंक करावा लागेल," तो म्हणाला. "ट्रान्सपोर्टचा तुमचा एक्सपीरियन्स आहेच."

मला आधी भीती वाटली, राग नंतर आला. तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नाही. तिथे पुन्हा जाऊन बसायचं, आणि वर चढून पुन्हा खाली आलेली बाई म्हणून रोज ड्रायव्हर लोकांच्या सहानुभूतीचा चहा प्यायचा, हे माझ्याच्यानं झालं नसतं. मी त्याचं पाणी न पिता उठले.

माझ्या हाताखाली एकच इंजिनिअर होता, प्रज्ञेश. येरवड्याचा मुलगा, आईवडील दोघंही सरकारी नोकरीत, घरात पुस्तकं आणि शिस्त. फार बोलायचा नाही, पण बोलला की दोन दिवस लक्षात राहायचं. आम्ही दोघं यादी घेऊन बसलो आणि जसजसे खाली जात गेलो तसतसा माझा जीव घाबरा व्हायला लागला. कारण कूलर एकटा नव्हता. पँट्रीतला मायक्रोवेव्ह हा यादीप्रमाणे हॅकर लोकांना अडवणारी संरक्षक भिंत होता. कागदाचे तुकडे करायचं मशीन हे सगळ्या माहितीची जपून ठेवलेली प्रत होतं. रिसेप्शनमधला माशांचा टँक हा सर्व्हर होता, त्यामुळे त्यात अँटिव्हायरस टाकावा अशी सूचना दर आठवड्याला यायची आणि कोणीतरी 'पुढच्या आठवड्यात' असं लिहून ती मिटवायचं.

मग मला जानेवारीतली गोष्ट आठवली. आमच्या टीममधल्या चैतालीनं पँट्रीतला कूलर जरा बाजूला सरकवायची परवानगी मागितली होती, कारण फ्रिजचं दार त्याला आपटायचं. ती परवानगी मागणारी विनंती थेट अमेरिकेला गेली. तिथल्या समितीनं विचारलं, सरकवताना सेवा किती वेळ बंद राहील? ग्राहकांना काय कळवणार? आणि काही बिघडलं तर आधीची स्थिती परत कशी आणणार? चैतालीनं प्रामाणिकपणे उत्तरं दिली: दहा मिनिटं, तिसऱ्या मजल्यावर पाणी प्या म्हणून, ढकलून. दीड महिन्यानं शुभेच्छांसह मंजुरी आली. तेव्हा आम्ही हसलो होतो, आणि अमेरिकन लोक किती काळजीपूर्वक काम करतात म्हणून मी डबा खाताना त्यांचं कौतुकही केलं होतं. आता कळलं की यादीप्रमाणे पँट्रीत कूलर नव्हताच. पँट्रीत विम्याचा सर्व्हर होता, आणि तो हलवायला ते बिचारे घाबरत होते.

सोमवार आणि अर्धा मंगळवार आम्ही सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधण्यात घालवला. कोणत्या नंबरचं यंत्र कोणत्या प्रकारात घालायचं याचे नियम असतात. ते सगळे आम्ही एकेक करून तपासले. एकही चुकीचा नव्हता. साईनाथ मधून मधून डोकावून, काही टेक्निकल मदत हवी का, असं विचारून जायचा. शेवटी प्रज्ञेशनं कीबोर्ड पुढे सारला.

"ताई, आपली एकूण बेरीज बरोबर आहे," तो म्हणाला. "एक यंत्र कमी नाही, एक जास्त नाही. सॉफ्टवेअर चुकलं की बेरीज चुकते. बेरीज जुळवून चुका करणं माणसांनाच जमतं."

माणसांचं काम वर्षातून एकदाच यायचं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मोजदाद व्हायची. प्रत्येक यंत्रावर पांढरं लेबल असतं, त्यावर काळ्या रेघा असतात. स्कॅनर पिस्तुलासारखा दिसतो म्हणून सगळे त्याला गन म्हणतात. ती गन रेघांवर धरायची, ती 'टूं' करते, मग यंत्राची जागा निवडायची की झाली नोंद. हे काम चैताली आणि शेफाली करायच्या. गेल्या वर्षी मोजदाद इतकी बिनचूक झाली होती की साईनाथनं दोघींना सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्र दिलं होतं.

आम्ही गन घेऊन सर्व्हर रूममध्ये गेलो. प्रज्ञेशनं कपाट दोनमधल्या सर्व्हरवर ती धरली. गन गप्प. जवळ धरली, लांब धरली, तिरकी धरली. त्याला वाटलं गन बिघडली, म्हणून त्यानं खिशातून बिस्किटाचा पुडा काढला आणि त्यावर धरली. टूं. पुन्हा सर्व्हरवर धरली. गप्प. मग त्यानं मोबाइलचा दिवा लावला आणि आम्ही दोघांनी वाकून पाहिलं.

लेबलाच्या बरोबर मधोमध कुंकू होतं. ठसठशीत, चांगलं बोटभर, खाली हळदीची रेघ. वर एक अक्षत अजून चिकटलेली होती. शेजारच्या सर्व्हरवरही तसंच, त्याच्या खालच्यावरही तसंच.

मी कपाळावर हात मारला. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी. झेंडूची माळ, पेढे, सगळ्या बायका साड्या नेसून येतात आणि प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावतात. सर्व्हरचा पत्रा काळा. काळ्यावर कुंकू उठून दिसत नाही. लेबल मात्र पांढरंशुभ्र, आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे यंत्राच्या समोरच्या बाजूला, वर, मध्यभागी लावलेलं, म्हणजे यंत्राला कपाळ असतं तर ते जिथे असतं बरोबर तिथे. कोणत्या बाईचा हात दुसरीकडे जाईल? कूलरचं तसं नव्हतं. तो चकचकीत स्टीलचा, त्याला कुंकू कुठेही शोभतं, म्हणून त्याचं लेबल कोरं राहिलं.

"हे दर वर्षी असतं?" प्रज्ञेशनं विचारलं.

दर वर्षी असतं, मी म्हटलं, ही रेघांची लेबलं मात्र गेल्या वर्षीच आली. आणि मग एक गोष्ट दोघांच्या एकदमच लक्षात आली. प्रज्ञेश त्या दिवशी रजेवर असतो. दसऱ्याला तो आईवडिलांबरोबर दीक्षाभूमीवर जातो, त्यामुळे नवमीला तो नागपूरच्या गाडीत असतो. आणि मी त्या दिवशी तळघरात असते. सणासुदीच्या कॅबचं वेळापत्रक एकदा नजरेखालून घालते, असं सांगून मी दर वर्षी खाली जाते, आणि ते माझं काम राहिलेलं नाही याची कोणीही मला आठवण करून देत नाही. मी टिकली लावते, रंगीत साड्या नेसते, कोणी कधी एका शब्दानं मला काही म्हटलेलं नाही. पुण्यात कोणी काही म्हणत नाही. फक्त बोलवत नाहीत. पहिल्या वर्षी मी नटून आले होते आणि तबक माझ्या एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं पुढे गेलं. त्या दिवशी मला फार लागलं. दुसऱ्या वर्षीपासून मी कॅब तपासायला लागले.

म्हणजे यादी सांभाळणारे आम्ही दोघं, आणि यादी जिथे बिघडली त्या खोलीत त्या दिवशी नसणारेही आम्ही दोघंच.

चैताली आणि शेफालीला बोलावलं तेव्हा दोघींनी काही लपवलं नाही. त्यांना आपण चूक केली असं वाटलंच नव्हतं. गन टूं करेना, आणि सर्व्हर रूममध्ये टूं झाल्याशिवाय ती पुढच्या यंत्रावर जाऊ देईना; हातानं नंबर भरायची सोय फक्त बाकीच्या जागांना. लेबल पुसावं, तर त्यावर कुंकू. कुंकू पुसायचं कसं? शेफालीचं नुकतंच लग्न झालेलं, पहिलाच दसरा. मग चैतालीनं उपाय काढला. गनला टूं हवं आहे ना, मग कोणत्या लेबलाचं ते तिला काय करायचं आहे? सर्व्हरची जागा निवडून ठेवायची, पँट्रीत जायचं आणि कूलरचं लेबल दाखवायचं. टूं. मग कूलरची पाळी आली तेव्हा त्याचं लेबल वापरून झालेलं, म्हणून सर्व्हरचा उरलेला नंबर तिथे हातानं भरला. असंच मायक्रोवेव्हचं, असंच माशांच्या टँकचं. शेवटी सगळे नंबर संपले आणि सगळ्या जागा भरल्या. हिशेब इतका छान जुळला, चैताली म्हणाली, की नंतर दुरुस्त करायचं ते राहूनच गेलं.

मला ओरडायचं होतं, पण शेफालीचा चेहरा पाहून ओरडवलं नाही. यादीतल्या नोंदी प्रज्ञेशनं संध्याकाळपर्यंत जागच्या जागी केल्या. कूलर कूलर झाला, सर्व्हर सर्व्हर. पण त्यानं माझं काम होणार नव्हतं. गुरुवारी ऑडिटर स्वतःची गन धरणार होता आणि ती टूं करणार नव्हती. नवी लेबलं लावावीत, तर ती अमेरिकेतून यायची. जुनी काढायला गेलं की त्यांवर आपोआप 'रद्द' असं उमटायचं, कोणी अदलाबदल करू नये म्हणून. एकच मार्ग उरला होता. ओलं फडकं घ्यायचं आणि कुंकू पुसायचं.

बुधवारी सकाळी सर्व्हर रूममध्ये आम्ही सगळे जमलो. साईनाथनं याला 'वॉर रूम' असं नाव दिलं होतं. मथुराबाई, आमच्या सफाईच्या बाई, फडकं घेऊन आल्या, त्यांना काय करायचं ते सांगितलं, आणि त्यांनी फडकं टेबलावर ठेवून दिलं. वर्षभर त्या ती यंत्रं पुसत होत्या, आणि प्रत्येक वेळी कुंकवाला वळसा घालून पुसत होत्या. सवाष्ण बाईला असलं काम सांगतात का, असं त्यांनी कोणाकडेही न पाहता विचारलं. चैतालीनं मान हलवली. शेफाली तर दाराबाहेरच उभी होती.

मग मी साईनाथकडे पाहिलं. त्याला तर काहीच अडचण नव्हती, पुरुषमाणूस, शिवाय टेक्निकल. त्यानं फडकं उचललं, परत ठेवलं, एक मिनिट म्हणाला आणि कोपऱ्यात जाऊन आईला फोन लावला. परदेशातली एमबीएची पदवी भिंतीवर लावलेला माणूस. आईनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण तो परत आला तेव्हा त्याचे दोन्ही हात खिशात होते. इकडेतिकडे पाहत त्याची नजर प्रज्ञेशवर थांबली आणि त्याचा चेहरा उजळला.

"प्रज्ञेश, तुमच्यात हे मानत नाहीत ना? मग तू—"

"लावताना मी नव्हतो," प्रज्ञेश म्हणाला. "पुसायलाच कसा आठवलो?"

आवाज त्यानं जरासुद्धा चढवला नाही. साईनाथ म्हणाला की तसं नाही, गैरसमज नको, आपण ऑफलाइन बोलू. आणि मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे आल्या.

कोणी मुद्दाम पाहिलं असं नाही. मथुराबाईंनी पाहिलं आणि खाली पाहिलं. चैतालीनं पाहिलं, ओठ उघडले, "ताई, तुम्हाला तसं..." एवढं म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. ती वाईट मुलगी नाही. माझ्या आजारपणात तिनं मला आठवडाभर डबा पाठवला होता. म्हणूनच ते जास्त लागलं. तबक ज्या बाईला टाळून पुढे जातं ती फडक्यासाठी बरोबर सापडते, हे इतकं सरळ होतं की कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मला रडू येईल असं वाटलं, पण गुरुवार उद्यावर होता आणि तळघरातली खोली मला दिसत होती. फडकं घेतलं नाही तर माझी जागा जाणार. घेतलं तर जागा राहणार, आणि दर वर्षी दसऱ्यानंतर कोणीतरी मला गोड आवाजात बोलावणार.

मी फडकं उचललं. साईनाथनं सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला. त्यानंच माझं डोकं फिरलं.

"पुसते," मी म्हटलं. "पण मग पुढच्या खंडेनवमीला यंत्रांना कुंकू मीच लावणार. पुसायला चालते तर लावायलाही चालले पाहिजे."

साईनाथ म्हणाला, ताई, हे आपण ऑफलाइन—

"इथेच बोलू. सगळ्यांसमोर हो म्हणा. नाहीतर उद्या ऑडिटरला तुमच्या आईंचा फोन नंबर द्या, त्याच सांगतील लेबल का वाचता येत नाही ते."

मथुराबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात लपवलं. साईनाथनं एकदा घड्याळाकडे, एकदा सर्व्हरकडे पाहिलं आणि हो म्हणाला. नीट ऐकू येईल असं म्हणा, मी म्हटलं. तो पुन्हा म्हणाला.

मी कपाट दोनपासून सुरुवात केली. कुंकू लगेच निघालं नाही, घासावं लागलं. सगळे एकेक करून कामाला निघून गेले. थोड्या वेळानं शेजारच्या कपाटापाशी आवाज आला म्हणून मान वर केली, तर प्रज्ञेश बाह्या दुमडून दुसऱ्या फडक्यानं पुसत होता.

"तू तर नाही म्हणालास," मी म्हटलं.

"तेव्हा सांगितलं होतं," तो म्हणाला. "आता कोणी सांगितलेलं नाही."

गुरुवारी ऑडिटर आला. मुंबईहून आलेला, यज्ञेश्वर नावाचा, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलणारा माणूस. त्यानं सर्व्हरवर गन धरली, टूं. संरक्षक भिंतीवर धरली, टूं. दुपारपर्यंत नुसतं टूं टूं चाललं होतं आणि प्रत्येक टूं मला देवळातल्या घंटेइतका गोड वाटत होता. जाण्यापूर्वी तो पँट्रीत पाणी प्यायला थांबला आणि सवयीनं कूलरवरही गन धरून बसला. यादीत कूलरच्या त्या जागेला जानेवारीतली मंजुरी अजून जोडलेली होती. त्यानं ती अथपासून इतिपर्यंत वाचली. पाण्याचा कूलर सरकवायला अमेरिकेची परवानगी आणि बिघडल्यास ढकलून परत आणायची योजना, हे काय आहे, असं त्यानं विचारलं. प्रज्ञेश म्हणाला की आम्ही काळजी घेतो. अहवालात 'अनुकरणीय पद्धती' या सदरात त्याचा खास उल्लेख आला. साईनाथनं तो अहवाल सगळ्यांना पाठवला आणि वर लिहिलं, टीमचं यश. ट्रान्सपोर्टचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मीही त्याच्याकडे पाणी प्यायले नाही.

पावसाळा सुरू झाला तसा मी पूजेचा नियम लिहायला घेतला, कारण यादी माझी आणि मला पुन्हा बादली नको होती. कुंकू लेबलावर नाही, लेबलाच्या खाली, पत्र्यावर. दिसत नसेल तर आधी हळद, मग कुंकू. चालू यंत्रावर काही करायचं म्हटलं की विनंती अमेरिकेला जाते, तशी हीही गेली. त्यांनी नेहमीचे प्रश्न पाठवले. हा पदार्थ काय आहे? वीज वाहतो का? सेवा किती वेळ बंद राहील? मी उत्तरं दिली: कपाळाला लावतात तो, नाही, एक क्षणही नाही. शेवटचा प्रश्न होता, काही बिघडलं तर आधीची स्थिती परत कशी आणणार? त्या रकान्यापाशी मी बराच वेळ बसले होते. मग लिहिलं, आधीची स्थिती परत आणायची नाही. शुभेच्छांसह मंजुरी आली.

खंडेनवमीला मी जांभळी पैठणी नेसून गेले. तळघराकडे जाणारा जिना नेहमीच्या जागी होता, मी त्याच्याकडे न पाहता लिफ्टमध्ये शिरले. सर्व्हर रूममध्ये सगळ्या बायका होत्या, झेंडूचा वास होता, साईनाथ दाराशी पेढ्यांचा खोका धरून उभा होता. तबक शेफालीच्या हातात होतं. तिनं ते माझ्यासमोर आणलं आणि ते तिथेच थांबलं.

लेबल टाळायचं आहे हे मीच लिहिलेलं, तरी बोट आपोआप पांढऱ्याकडेच जात होतं. मी ते खाली आणलं, काळ्या पत्र्यावर हळद लावली, तिच्यावर कुंकू टेकवलं. चैतालीनं न सांगता गन उचलली आणि लेबलावर धरली. टूं. मथुराबाईंनी हळूच माझ्या पैठणीचा काठ सरळ केला.

तेवढ्यात फोनवर प्रज्ञेशचा संदेश आला, नागपूरच्या गाडीतून. त्यात एवढंच होतं, लेबल सोडून ना? मी त्याला फोटो पाठवला.

शेवटचा सर्व्हर झाला तेव्हा पायलनं दार अडवून कोणालातरी ओळखपत्र मागितल्याचं ऐकू आलं. सर्जेराव होते. या वेळी बादली नव्हती. डोक्यावर पांढरी टोपी, हातात नारळ. ते दाराबाहेरूनच बायकांच्या घोळक्यात मला शोधत होते.

"ताई," त्यांनी हाक मारली. "आमचा कूलर पँट्रीत वाट बघतोय. त्यालाबी लावायला चला की."

मी तबक घेतलं आणि गेले.